क्रिलिनला बघ्या करू नका: लांबलचक लढाऊ अ‍ॅनिमे लिहिताना या चुका टाळा

लढाऊ अ‍ॅनिमेच्या वळणाची लांबलचक कथा लिहायला घेतली की साधारण तिसऱ्या मोठ्या शत्रूपाशी एक दुखणं हमखास डोकं वर काढतं. नायक इतका पुढे निघून गेलेला असतो की ज्या मित्रांसोबत त्याने सुरुवात केली, ते कोणाच्या खिजगणतीतही उरत नाहीत. मग ते कड्यावर उभे राहून लढाई बघतात. अकिरा तोरियामांची ‘ड्रॅगन बॉल’ ही मांगा (जपानी चित्रकथा) 1984 ते 1995 या काळात 519 प्रकरणं चालली. या दुखण्याची सगळी लक्षणं त्यात दिसतात आणि त्यावरचे मला माहीत असलेले सगळ्यात चांगले उपायही त्यातच आहेत. या मालिकेवर माझा जीव आहे, त्यातही नायक गोकूचा मित्र क्रिलिन याच्यावर जास्त. म्हणून उदाहरणं तिथलीच घेतो.

सगळ्यांना एकाच काट्यावर तोलणं

परग्रहावरचा शत्रू रॅडिट्झ पृथ्वीवर उतरतो तेव्हा त्याच्या डोळ्यावरचा स्काउटर समोरच्या शेतकऱ्याचं बळ 5 दाखवतो. पुढे नामेक ग्रहावर खलनायक फ्रीझा स्वतःचं बळ 5,30,000 असल्याचं सांगतो. आकड्याने वाचकाच्या अंगावर काटा येतो, हे खरं. पण आकडा एकदा छापला की तो पुसता येत नाही, आणि हजारवाला लाखवाल्याला का भारी पडला हे मग कितीही समजावलं तरी पटत नाही. फ्रीझानंतर तोरियामांनी हे आकडे जवळपास सोडूनच दिले.

तुमच्या कथेत आकडे आधीच आले असतील तर दुबळ्या पात्राचा आकडा फुगवत बसू नका. आकड्याला जुमानणार नाही असं काहीतरी त्याच्या हाती द्या. क्रिलिनची किएन्झान ही फिरती चकती शत्रूला ढकलत नाही, कापते. नापा या शत्रूने ती अंगावर घ्यायची तयारी केली होती. त्याचा वरिष्ठ व्हेजिटाने वेळीच ओरडून सावध केलं म्हणून गालावरच्या जखमेवर निभावलं. त्याच चकतीने पुढे फ्रीझाची शेपटी तुटली. लगेच क्रिलिनने सोलर फ्लेअर वापरून त्याचे डोळे दिपवले. या युक्तीला समोरच्याचं बळ किती याच्याशी काही देणंघेणं नाही, त्याला डोळे असले की पुरे.

शत्रूचा दरारा दाखवायला त्याच त्या पात्राला मार खायला लावणं

गोकूचा जुना साथीदार यामचा याचं नाव काढलं की जगभरच्या चाहत्यांना खड्ड्यात मुटकुळं करून पडलेला त्याचा देह आठवतो. साईबामॅन हा शत्रूचा छोटा राक्षस त्याला मिठी मारून स्वतःसकट फुटतो, ते दृश्य. पण यामचा पुढे का झाला होता, हे फार थोड्यांना आठवतं. खरं तर क्रिलिन लढायला निघाला होता. तो आधी एकदा ड्रॅगन बॉलने (इच्छा पूर्ण करणाऱ्या जादूच्या गोळ्यांनी) जिवंत झालेला असल्यामुळे त्याला पुन्हा परत आणता येणार नव्हतं. म्हणून यामचा म्हणाला, मी जातो.

इतकं मोठं मन दाखवलेल्या माणसाची आठवण थट्टेची का झाली? माझ्या मते कारण त्याच्या हरण्यात नाही, नंतरच्या लिखाणात आहे. तो ज्याच्यासाठी मेला त्या क्रिलिनने चिडून लगेच साईबामॅनवर हल्ला चढवला, हे खरं. पण त्या त्यागाचे पडसाद पुढे फारसे उमटत नाहीत. भरीस भर म्हणजे अँड्रॉइड (माणसासारखे दिसणारे कृत्रिम योद्धे) आले तेव्हा पहिल्याच गाठीत यामचाच्या छातीतून आरपार हात गेला, जखमा बऱ्या करणाऱ्या सेन्झू दाण्यामुळे तो कसाबसा वाचला. एकाच पात्राला दोनदा तेच काम दिलं की वाचक त्याच्याकडे माणूस म्हणून बघायचं सोडतो.

हे दुरुस्त करायला फार लिहावं लागत नाही. ज्याच्यासाठी त्याने जीव दिला, त्याला पुढच्या एखाद्या अवघड क्षणी ते आठवू द्या आणि त्या आठवणीमुळे काहीतरी वेगळं करू द्या. एक पान पुरतं.

समालोचन करायला उभं करणं

“अरे बापरे, काय हा वेग! माझ्या डोळ्यांना तर दिसतही नाहीये!” अशी वाक्यं एका प्रकरणात तीनदा आली तर थांबा आणि एक साधी चाचणी करा. ते पात्र त्या प्रकरणातून काढून टाका. लढाई जशीच्या तशी राहिली, तर ते पात्र तिथे नव्हतंच.

यजिरोबे या तलवारबाजाला ही चाचणी लावून बघा. महावानर झालेला व्हेजिटा गोकूला मुठीत धरून चिरडतो आहे. क्रिलिन शेपटीवर चकती फेकतो, व्हेजिटा ती चुकवतो. तेवढ्यात मागून यजिरोबे येतो, ज्याला कोणी मोजलंही नव्हतं, आणि तलवारीच्या एका घावात शेपटी उडवतो. तो व्हेजिटापेक्षा बलवान झालेला नाही, भित्रा होता तसाच आहे. त्याला काढा आणि गोकू मेला. तिएन या दुसऱ्या साथीदाराचंही तसंच. तो किकोहो या ऊर्जेच्या माऱ्याचे तडाखे मारत राहतो, सेल या राक्षसाला खरचटतही नाही, पण सेल खड्ड्यात दाबला जातो आणि 18 या अँड्रॉइड तरुणीला पळायला वेळ मिळतो. ‘हरवलं’ ऐवजी ‘अडवलं’ एवढंच लक्ष्य ठेवल्यामुळे तो प्रसंग आजही उभा राहतो.

जमलं तर नायकाला जे मुळीच येत नाही असं एखादं काम ठेवा. शेवटचा शत्रू माजिन बू याच्याविरुद्ध गोकू आणि व्हेजिटा पृथ्वीवासीयांकडे शक्ती मागतात, लोक दाद देत नाहीत. लोकांचा लाडका पण दुबळा मिस्टर सॅटन ओरडतो आणि लाखो हात वर जातात.

पडद्यामागे सराव आणि एका ओळीत बढती

‘दरम्यान त्यांनीही खूप सराव केला’ हे वाक्य खोडा. त्याने कोणाचंच भलं होत नाही.

निर्णय फक्त नायकाकडे ठेवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते, कारण ती सहज टाळता येते. बळ कमी असलं तरी निवड करता येतेच. जमिनीवर सरपटणाऱ्या व्हेजिटावर क्रिलिनने तलवार उगारली होती. गोकूने विनवलं आणि क्रिलिनने हात आवरला. व्हेजिटाची पुढची सगळी कथा त्या थांबलेल्या हातामुळे घडली. नंतर 18ला बंद पाडणारा रिमोट त्याच्या हातात होता, तो त्याने तुडवून टाकला. त्या दयेची किंमत मोठी होती: सेलने तिला गिळलं आणि पूर्ण रूप मिळवलं. तुमच्या दुबळ्या पात्राला अशी किंमत मोजायला लावणारी निवड द्यायला घाबरू नका.

सेल संपल्यावर ड्रॅगन बॉलमधून प्रकटणाऱ्या शेनरॉन या ड्रॅगनकडे उरलेली एक इच्छा मागायची वेळ आली. क्रिलिनने 18 आणि तिचा भाऊ 17 यांच्या शरीरातले स्फोटक बॉम्ब काढून घेतले. पुढे ‘ड्रॅगन बॉल सुपर’मध्ये वेगवेगळ्या विश्वांतल्या 80 लढवय्यांच्या सामन्यात गोकूच्या सातव्या विश्वाकडून सगळ्यात आधी बाद झाला तो क्रिलिन, आणि शेवटपर्यंत रिंगणात उभा राहिला तो 17.