लॅबमध्ये जमलं, प्लांटमध्ये बिघडलं? या चुका टाळा

केमिकल इंजिनिअर म्हणजे मोठ्या भांड्यात केमिस्ट्री करणारा, हा गैरसमज जुनाच आहे. इंग्लंडमधल्या जॉर्ज डेव्हिस यांनी 1887 मध्ये मँचेस्टरला व्याख्यानं दिली तीच मुळी वेगळ्या अंगाने: माल कुठलाही असो, तापवणं, ढवळणं, गाळणं, ऊर्ध्वपातन ही कामं सगळीकडे सारखीच. 1915 मध्ये अमेरिकन केमिस्ट आर्थर लिटल यांनी त्यांना ‘युनिट ऑपरेशन’ म्हटलं. प्लांटवरचे बहुतेक घोटाळे याच कामांत होतात आणि दोष मात्र रिअॅक्शनला दिला जातो.

बॅच मोठी करताना

बॅच म्हणजे एका वेळी बनवला जाणारा माल, आणि सगळ्यात महाग पडणारी चूक ही. एक लिटरचा रिअॅक्टर, म्हणजे रिअॅक्शनचं भांडं, त्याच आकारात हजार लिटरचा केला, की उष्णता हजारपट निर्माण होते, पण जॅकेटचं (भांड्याभोवतीच्या, थंड पाणी फिरवणाऱ्या आवरणाचं) क्षेत्रफळ वाढतं फक्त शंभरपट. म्हणजे लिटरमागे थंड करणारी भिंत एक दशांश उरली! फ्लास्कमध्ये शहाण्यासारखी वागणारी रिअॅक्शन इथे हाताबाहेर जाते ती यामुळे.

यावर ‘मग तापमान कमीच ठेवू’ हा उपाय अनेकांना सुचतो, आणि तो उलटू शकतो. थंडीत रिअॅक्शन मंदावते, वरून सोडलेला कच्चा माल न वापरता साठत जातो आणि थोडं तापताच सगळा एकदम पेटून उठतो. त्यामुळे किती माल सोडला याइतकंच त्यातला किती खर्ची पडला हेही बघा. बॅच वाढवण्याआधी कॅलरीमीटरवर उष्णता मोजून घ्या, आणि कूलिंग या क्षणी बंद पडलं तर तापमान कुठवर जाईल, तिथे दुसरी कुठली रिअॅक्शन सुरू होईल, याचं उत्तर कागदावर असू द्या. फ्लोरिडातल्या टी-टू लॅबोरेटरीज या कारखान्यात 2007 मध्ये नेमकं हेच राहून गेलं होतं. चाचण्या एक लिटरच्या रिअॅक्टरमध्ये झालेल्या, प्लांटवर कूलिंगला पर्यायी पाणी नाही, आणि सुमारे 200 अंश सेल्सिअसच्या पुढे सोडियम व सॉल्व्हंट यांची दुसरी रिअॅक्शन दबा धरून बसलेली. स्फोटात चार जण गेले.

पंप खडखडतोय

आत खडे फिरताहेत असा आवाज आणि फ्लो कमी, म्हणजे बहुधा कॅव्हिटेशन: दाब पडून द्रवात वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटतात. सक्शनचा, म्हणजे द्रव पंपात येतो त्या बाजूचा व्हॉल्व्ह आवळू नका, त्याने दाब आणखी पडतो. स्ट्रेनर (गाळणी) तुंबलाय का, टाकीतली पातळी उतरलीय का, द्रव नेहमीपेक्षा गरम आहे का, ते बघा. फ्लो कमी करायचाच असेल तर डिस्चार्जकडून, म्हणजे द्रव बाहेर पडतो त्या बाजूने करा.

कॉलमची शुद्धता घसरली

कॉलम म्हणजे ऊर्ध्वपातनाचा उंच मनोरा. लगेच रिफ्लक्स (माथ्यावरून परत सोडलेला द्रव) आणि वाफ वाढवण्याआधी कॉलमचा प्रेशर ड्रॉप, म्हणजे तळ आणि माथ्याच्या दाबातला फरक वाचा. तो चढत असेल तर ट्रे (आतले आडवे थर) द्रवाने भरत चाललेत, म्हणजे फ्लडिंग. तेव्हा वाफ कमी करायची असते.

काट्यावर आंधळा विश्वास

2005 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीत कॉलममध्ये तासन् तास फीड (कच्चा माल) जात होता, खालून बाहेर काहीच निघत नव्हतं, तरी लेव्हल ट्रान्समीटर पातळी हळूहळू उतरतेय असं दाखवत राहिला. पंधरा जणांचा जीव गेला. आत किती गेलं, बाहेर किती आलं, एवढी वजाबाकी कुठल्याही शिफ्टमध्ये पाच मिनिटांत होते. ती आणि इन्स्ट्रुमेंट जुळत नसतील, तर आधी इन्स्ट्रुमेंटवर संशय घ्या.

‘तात्पुरती’ पाइप

इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोला 1974 मध्ये पाचवा रिअॅक्टर तडकला म्हणून काढला आणि चौथ्या-सहाव्याच्या मध्ये बायपास पाइप टाकली, दोन्ही टोकांना बेलोज (लवचीक जोड) लावून. आराखडा काय, तर वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेला! 1 जूनला ती फुटली, 28 माणसं गेली. त्यामुळे बदल दोन दिवसांचा असला तरी त्याचा ताण कोणी मोजला, ड्रॉइंगवर तो चढवला का आणि काढायचा कधी, हे व्हॉल्व्ह उघडण्याआधी लिहून सही घ्या. दुरुस्ती करणाऱ्याखेरीज निदान एका जाणकार इंजिनिअरने तो तपासलेला हवा.