मोटारसायकल शिकायला निघताय? आधी बुटाची नाडी बघा

पहिल्यांदा मोटारसायकल शिकायला गेले तेव्हा माझी तयारी अगदी जय्यत होती. हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याला पॅड, पाण्याची बाटली, कागदपत्रं, सगळं. आणि पंचविसाव्या मिनिटाला, गाडी जवळजवळ थांबलेली असताना, मी डावीकडे आडवी झाले. कारण काय, तर बुटाची नाडी. पाय टेकायला गेले आणि नाडीचा फास गिअर लिव्हरमध्ये अडकलेला. पाय सुटेचना. गाडी आधी सावकाश कलली, मला दोनदा 'अरे, अरे' म्हणायला वेळ मिळाला, मग धाडकन खाली. डाव्या मुठीसमोरचा क्लच लिव्हर वाकला, आरसा फुटला, घोटा तीन आठवडे सुजलेला. पुन्हा गाडीवर बसायला मी बरेच महिने घेतले. तर ही यादी त्या पडण्यातून आलेली आहे, आणि तिच्यात नाडी वारंवार येणार. कंटाळा आला तरी वाचा.

बुटांपासूनच सुरू करू. घोटा झाकणारे, पातळ पण घसरणार नाही अशा तळाचे बूट हवेत. चप्पल, सँडल यांचा विषयच नको. आता नाडी. बहुतेक गाड्यांत वरचा गिअर टाकायला डाव्या बुटाचं टोक लिव्हरच्या खाली सरकवावं लागतं आणि लिव्हर वर उचलावा लागतो. म्हणजे लिव्हर घासतो तो नेमका नाडीच्या भागात. दर गिअरला ती थोडी थोडी सैल होते, तिची कानं लांबतात, आणि लांबलेलं कान कशात तरी जाऊन बसतंच. म्हणून गाठ दुहेरी मारा, उरलेली टोकं आणि कानं बुटाच्या आत, घोट्याशी कोंबा. वरून जाड मोज्याची घडी ओढली तर फारच छान. चेन किंवा पट्टीचे बूट असतील तर सुटलात. उजव्या पायालाही हेच करा, तिथे ब्रेकचं पायडल आहे. लोंबणारं बाकी सगळंही याच खात्यात: ओढणी, मफलर, जॅकेटची दोरी, सॅकचा सुटा पट्टा, पायघोळ पँट. मागचं चाक आणि साखळी काहीही ओढून घेतात, आणि ते माझ्या प्रकरणापेक्षा कितीतरी वाईट.

हेल्मेट: गाल चेपले जायला हवेत. धरून हलवलं की कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे, नुसतं हेल्मेट फिरलं तर ते मोठं आहे. पट्टा लावायचा, हे सांगायला लागू नये. एकदा आपटलेलं हेल्मेट उसनं घेऊ नका, दिसायला धड असलं तरी. हातमोजे घालाच, कारण पडताना तळवा आधी पुढे जातो.

गाडी हलकी निवडा. १०० ते १२५ सीसीची, साधारण ११० ते १२५ किलोची, आणि बसल्यावर दोन्ही पाय सपाट टेकतील अशी. जुनी, आधीच ओरखडे पडलेली असेल तर उत्तम. कोणाची कोरी करकरीत गाडी घेऊन शिकू नका, सगळं लक्ष रंगाकडे राहतं. टायरमधली हवा आणि दोन्ही ब्रेक बघून घ्या. क्लच लिव्हरला सुरुवातीला किंचित ढिलाई हवी, तो पहिल्या स्पर्शालाच ताठ असेल तर आधी गॅरेजात दाखवा. पेट्रोलचा कॉक असेल तर उघडा. आणि उजव्या मुठीजवळचं इंजिन बंद करायचं लाल बटण बघा. गाडी सुरू होत नाही म्हणून दहा मिनिटं स्टार्टर दाबत बसणाऱ्यांपैकी निम्म्यांचं ते बटण बंद असतं. (मी त्या निम्म्यांतलीच.)

जागा सपाट, कोरडी, बारीक खडी किंवा वाळू नसलेली हवी. पडलं तर लागू नये म्हणून गवतावर शिकावं असं काही जण सांगतात. ओल्या गवतावर पुढचं चाक साबणासारखं सटकतं. नको. शिकवणारा माणूस शेजारून चालणारा हवा, मागे बसणारा नको. त्याचं वजन मागे डुलतं आणि तोल कोणाचा चुकला हेच कळत नाही. जो ओरडतो त्याच्याकडून शिकू नका, नात्यातला असला तरी. खरं तर नात्यातला असला तर जास्तच.

बसण्याआधी दोन्ही नाड्या तपासा. मनगटाची धडधडत असणारच, तिला धडधडू द्या. बुटाची मात्र हात लावून बघा, नुसती नजर टाकून नाही.

पहिला अर्धा तास इंजिन बंदच राहू द्या. गाडी ढकलत चाला, दोन्ही बाजूंनी थोडी कलवून तिचं वजन कुठपर्यंत पेलतं ते बघा. गिअर कसे पडतात ते आधी विचारा. बऱ्याच गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर, न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये अर्ध्या टिचकीवर. पण काही गाड्यांत सगळे पुढे दाबून पडतात. साइड स्टँड वर घेतलाय ना?

मग इंजिन सुरू, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर, आणि ॲक्सिलरेटरला हात न लावता फक्त क्लच. इंचाइंचाने सोडत जा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडी पुढे सरकू पाहते. हाच हाफ क्लच. तिथे थांबायचं, हातभर पुढे जायचं, पुन्हा दाबायचं. हे वीस वेळा, तीस वेळा करा. कंटाळवाणं आहे, पण नवशिक्याची अर्धी भीती 'गाडी माझ्याआधीच पळेल' हीच असते, आणि तिच्यावर औषध इथेच आहे. उजवं मनगट थोडं खाली ठेवून मूठ धरा. घाबरल्यावर माणूस मूठ आवळतो आणि मागे झुकतो, मनगट वर असेल तर त्याच झटक्यात ॲक्सिलरेटर पिळला जातो. म्हणून घाबरलात की डावी मूठ आवळा. क्लच दाबला गेला की इंजिन कितीही ओरडू दे, चाकाला ताकद पोहोचत नाही.

थांबणं हे चालवण्याच्या आधी शिका. हँडल सरळ, नजर लांब, दोन्ही ब्रेक हळूहळू, शेवटी क्लच, मग डावा पाय खाली. गाडी थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा ब्रेक करतो हे खरं, पण हळू चालताना हँडल वळलेलं असेल आणि तो कचकन दाबलात, तर गाडी जागेवर आडवी. चालण्याच्या वेगात मागच्यावर भिस्त ठेवा. आणि डावा पाय खाली येतो तेव्हाच कळतं की नाडी सुटली होती, तेव्हा उशीर झालेला असतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबा, न्यूट्रल करा, खाली बघा. मी एकदाच बघितलं होतं, घरातून निघताना.

पडायला लागलीच गाडी, तर एका मर्यादेनंतर तिला सावरायच्या फंदात पडू नका. १२० किलो एका पायावर पेलत नाही, पाठ मात्र धरते. सोडा, बाजूला व्हा, आधी इंजिन बंद करा. उचलताना कमरेतून वाकू नका. सीटला पाठ लावा, गुडघे वाका, एक हात हँडलला आणि एक मागच्या पकडीला, आणि पायांच्या जोराने मागे मागे चालत जा. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड बाहेर काढा, नाहीतर उभी करता करता पलीकडे जाईल.

पुढचं भराभर. दुसरा गिअर लवकर टाका, पहिल्यात गाडी धक्के देते. वळताना जिथे जायचं तिथे बघा. खड्ड्याकडे बघितलं की खड्ड्यात. आठाचा आकडा, चढावर थांबून निघणं, अचानक ब्रेक, हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पाऊण तासाच्या वर एका वेळी नको, डाव्या हाताची बोटं थकतात आणि क्लच चुकतो. पाणी प्या. परत बसण्याआधी नाडी.

गाडी लावताना किल्ली काढा, कॉक बंद करा. सायलेन्सर बराच वेळ तापलेला असतो, तो बहुतेक गाड्यांत उजवीकडे असतो. नाडी बांधायला वाकायचंच असेल तर डाव्या बाजूला जा.