दोन ‘डबल’ आणि एक चूक: माझा अनुभव

फोंड्याच्या घरी मी वितरित संगणनाच्या (एकच काम अनेक संगणकांत वाटून करण्याच्या) सिम्युलेशनसाठी सी++ या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा कोड) लिहीत होतो. १ मेगाबाइटचा संदेश प्रतिसेकंद १ गिगाबिटच्या नेटवर्क-दुव्यावरून जायला सुमारे ८ मिलिसेकंद लागायला हवेत. माझ्या निकालात मात्र ८ सेकंद दिसत होते. कार्याचे गणन फ्लॉपमध्ये (दशांश संख्यांवरच्या क्रियांच्या संख्येत) आणि संदेशाचा आकार बाइटमध्ये, पण दोन्ही ‘डबल’च (दशांश संख्यांचा एकच प्रकार) असल्याने मी त्यांची अदलाबदल केली तरी कंपायलरने (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) चकार शब्द काढला नव्हता.

आधी ‘टाइपडेफ’ वापरून पाहिले. परंतु ते नवा प्रकार निर्माण करत नाही, जुन्यालाच दुसरे नाव देते. म्हणून प्रत्येक राशीसाठी स्वतंत्र ‘स्ट्रक्ट’, म्हणजे खराच नवा प्रकार, केला आणि त्याचा कन्स्ट्रक्टर (त्या प्रकाराची वस्तू तयार करणारे फंक्शन) ‘एक्स्प्लिसिट’ ठेवला, म्हणजे साध्या संख्येचे त्यात आपोआप रूपांतर होत नाही. आता ही चूक कंपाइल करतानाच अडते.

खरा वेळ मी डॉक्सिजनच्या (कोडमधल्या टिपणांतून दस्तऐवज बनवणाऱ्या साधनाच्या) टिपणांना दिला, आणि तो सार्थकी लागला असे मला मनापासून वाटते. प्रत्येक प्रकाराचे एकक, शून्याचा अर्थ आणि वस्तूची मेमरी कोणी मोकळी करायची, हे तिथेच लिहिले. बँडविड्थपाशी (दुव्याच्या वेगापाशी) प्रतिसेकंद १ गिगाबिट म्हणजे १२५ मेगाबाइट प्रतिसेकंद हे उदाहरणही दिले, कारण ८ बिटांचा एक बाइट होत असल्याने बिट-बाइटच्या घोळाने उत्तर आठपट चुकते. मडगावच्या माझ्या सहकारी मैत्रिणीने ती टिपणे वाचून, मला एकदाही न विचारता, आपला पहिला प्रयोग चालवला.