बार भरण्याआधी गज नळीत सोडा

हळवी भातं पिकली, गरवी निसवली, आणि हस्ताचा पाऊस अजून रेंगाळतोय. डुकरांचे कळप संध्याकाळपासूनच मळ्यात उतरतायत. त्यामुळे सिंधुदुर्गात घरोघरी शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुका माळ्यावरून खाली आल्या असतील. बाकी कामं नंतर वाचा, आधी हे.

आमच्या वाडीतल्या एका काकांचा डावा अंगठा अशाच दिवसांत गेला. दारू सर्दावली होती, टोपी (दारू पेटवणारी ठिणगीची कॅप) फुटली पण बार, म्हणजे नळीत भरलेली दारू-छर्रे, उडाला नाही. बंदूक तशीच कोपऱ्यात ठेवली. दुसऱ्या रात्री विसरून वर आणखी एक बार ठासला. नळी चाफ्यासारखी उमलली.

दारू मुठीने, झाकणाने, 'अंदाजाने' घालणं बंद करा. एकच पक्कं माप ठेवा. 12 बोअरचं पुस्तकी माप पावणेतीन ड्रॅम काळी दारू, म्हणजे 75 ग्रेन, 5 ग्रॅमला जरा कमी. छर्रे त्याच मापाने, तेवढेच. पण हा आकडा नळीवर चाचणीची छाप असलेल्या, धडधाकट बंदुकीचा. आजोबांच्या बिनछापाच्या नळीला कागदावरचा कुठलाच आकडा लावू नका. परवानाधारक कारागिराला नळी दाखवा, तो सांगेल ते माप. नळी पातळ झालीय म्हणाला तर बंदूक भिंतीलाच शोभते.

आता गज, म्हणजे बार ठासायची सळई. रिकाम्या नळीत तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा. बरोबर मापाचा बार ठासून दुसरी खूण करा. दर वेळी भरण्याआधी गज पहिल्या खुणेपर्यंत गेलाच पाहिजे. नाही गेला, तर आत जुना बार आहे, नाहीतर कुंभारणीचं (मातीचं घर करणाऱ्या माशीचं) घर. निवडणुकीत पोलिसांकडे जमा केलेल्या बंदुका परत येतात तेव्हा हमखास. भरल्यावर गजाची दुसरी खूण नळीच्या तोंडाच्या वर राहिली तर दारू आणि तिच्यावर ठासलेल्या बोळ्यात पोकळी राहिली किंवा माप चुकलं. पोकळीनेही नळी फुटते.

बार नाही उडाला? तोंड मोकळ्या रानाकडे धरून मिनिटभर थांबा. मग टोपी काढा, नळीत पाणी ओता, कारागिराकडून बार काढून घ्या. वर दारू वाढवून 'जोर' आणू नका.

दुकानदार म्हणेल, बारीक दारू घ्या, आवाज मोठा. बारीक दारू भरभर जळते, त्याच मापात दाब जास्त. काडतुसातली बिनधुराची दारू किंवा सुतळी बॉम्बची भुकटी तर नळीजवळही नको. डुकरं पळवणारे महागडे भोंगेही राहू द्या. माझा अनुभव, चौथ्या रात्री डुकरं भोंग्याशेजारीच चरतात. राखण बदलती ठेवलेली बरी: आज डबा, उद्या शेकोटी.

शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. डुक्कर मारायला वनखात्याची लेखी परवानगी हवी. गवा पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्यावर नळी रोखूच नका.

इतर कामं:
– कापणीआधी 8-10 दिवस पाणी काढा.
– 90 टक्के दाणे पिकले की कापा.
– वैभव (दातेरी) विळ्याने जमिनीलगत कापणी.
– नुकसान झाल्यास 3 दिवसांत वनखात्याकडे अर्ज.

आणि हो, राखणीहून परतताना भरलेली बंदूक घरात आणू नका. बार मोकळ्या रानात रिकामा करा, गज सोडून पहिली खूण बघा, मगच उंबरा ओलांडा.