बाळ घरी आल्यावर नवरा-बायकोने या चुका टाळा

मार्चमध्ये देवगडला माहेरी माझं सिझेरियन झालं. पोर घेऊन मालवणला सासरी आले तेव्हा जून अर्धा सरला होता. नवरा ट्रॉलरवर खलाशी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी, म्हणजे माणूस चोवीस तास घरात आणि खिसा रिकामा. त्या पावसाळ्यात आम्ही केलेल्या चुका वाडीतल्या निम्म्या घरांत होत असतील. बोलत मात्र कोणी नाही.

नकाराचा अर्थ मनानेच लावणे

एका रात्री त्याने खांद्यावर हात ठेवला, मी पाठ फिरवली. "दमलंय मी, झोपूक दे." खरं तर मला टाक्यांची भीती वाटत होती. त्याला वाटलं, हिला बांगड्यांचं कळलं. मला कसलं काय! आठ दिवसांनी बाळाच्या लसीच्या कार्डाच्या पिशवीत सोनेतारणाची पावती सापडली. दवाखान्याच्या बिलासाठी माझ्या दोन बांगड्या पतपेढीत गेल्या होत्या. "बाळंतीण तू, तुका कित्याक ताप देवचो?" हे त्याचं उत्तर.

आठ दिवस तो पैशाच्या अपराधाने गप्प होता, मी दुखण्याच्या भीतीने, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरचा रुसलाय. म्हणून आधी बोला. रात्री अंथरुणात नको, दिवसा, बाळाचे लंगोट वाळत घालताना. हात कामात असले की अवघड गोष्ट सहज तोंडातून निघते.

सव्वा महिना झाला, आता सगळं पूर्ववत

सहा आठवड्यांनी डॉक्टर तपासतात ते टाके आणि गर्भाशय पाहायला. तुम्ही तयार आहात की नाही, ते तपासणीत दिसत नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन कमी असतं, त्याने योनी कोरडी पडते आणि संबंध दुखतात. हे प्रेम आटल्याचं लक्षण नव्हे. पाण्याचा बेस असलेलं वंगण औषधांच्या दुकानात मिळतं. घाई न करणं त्याहून उपयोगी. तरीही दुखत राहिलं तर अंगावर न काढता डॉक्टरांना सांगा.

आमच्या घरात माजघर एकच, मधे पडदा. सासूबाईंना शेवटी मीच म्हटलं, "आई, संध्याकाळी तासभर बाळाला ओटीवर घेऊन बसाल?" त्या एका शब्दाने न विचारता घेऊन गेल्या. बहुतेक दिवस त्या तासात आम्ही नुसता चहा प्यायलो.

बाळंतपणाला दोन आठवडे उलटल्यावरही सारखं रडू येत असेल, बाळाकडे बघवत नसेल, तर त्याला नुसता थकवा म्हणू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत नंबरवर बोला. बापांनाही हे होतं.

पाळी नाही, म्हणजे काळजी नाही

बीज पाळीच्या आधी सुटतं, त्यामुळे पाळी परत येण्याआधीच दिवस राहू शकतात. फक्त अंगावरच्या दुधाचा भरवसा तीन अटींवर: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, वरचं काही न देता दिवसरात्र अंगावरच, आणि पाळी आलेली नाही. पैकी एक जरी मोडली तरी साधन हवंच. कॉपर टी, दर तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळ्या हे सरकारी दवाखान्यात मोफत आहे. आशाताईंना विचारा, त्यांना लाजायचं कारण नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या मात्र पाजत असताना पहिले सहा महिने नकोत.

महिन्याच्या पगारदारासारखं बजेट करणे

पुस्तकी सल्ला असतो, पगाराच्या अमुक टक्के बाजूला ठेवा. इथे पगार कुठे आहे? खलाशाचा वाटा, हापूसवाल्याचा एप्रिल-मे, होमस्टेवाल्याचा दिवाळी ते मे. हिशेब वर्षाचा धरा. घरखर्च महिना १२,००० असेल तर बंदीचे दोन महिने २४,००० लागतात, म्हणजे उरलेल्या दहा महिन्यांत दरमहा २,४०० वेगळ्या डब्यात. आम्ही बिस्किटांचा पत्र्याचा डबा वापरतो.

खर्चातली खरी चूक आमची दवाखान्याची होती. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत होतं, आणि आजारी बाळावर वर्षभर उपचारही. आम्ही "सरकारी कशाला" म्हणून खाजगीत गेलो आणि बांगड्या घालवल्या. खाजगीत जायचं कारण असेल तर जरूर जा, पण कारण चारचौघांची लाज नसावी. बारशाचं जेवणही तसंच.

मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अर्ज अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे. जन्मनोंद २१ दिवसांत करा.

आणि सोनेतारण फिटलेलं नसताना बाळाच्या नावाने पॉलिसी घेऊ नका, विकणारा सख्खा मामा असला तरी. आधी व्याज थांबवा.

त्या बांगड्या डिसेंबरात सुटल्या. त्याने रात्री त्या माझ्या हातात चढवायला घेतल्या, पण डिंकाच्या लाडवांनी मनगट असं काही भरलं होतं की साबण आणावा लागला.