जुन्या कागदांवर इलाज करताना या चुका टाळा

जिल्ह्याच्या दप्तरखान्यात किंवा शंभरी गाठलेल्या गावच्या वाचनालयात कागद-जतनाचं काम करणाऱ्याला वाटतं, आपली लढाई वाळवी, कसर आणि पावसाळ्याशी असणार. प्रत्यक्षात त्याचे बरेच दिवस जुनी दुरुस्ती सोडवण्यात जातात. कुणीतरी मनापासून चिकटपट्टी लावलेली असते, कुणी लॅमिनेशन केलेलं असतं, कुणी ओल्या बोळ्याने डाग पुसलेला असतो. कसर भोक पाडते, मजकुराची उरलेली ओळ तरी शाबूत ठेवते. चुकीचा इलाज तेवढाही दयाळू नसतो.

रुमाल सोडताना

जुनं मोडी दप्तर बहुधा रुमालात बांधलेलं येतं. गाठ सुटली की कागद सारखे करून आकारानुसार लावण्याचा मोह होतो. तो आवरा. तारीख नसलेल्या पत्राचा काळ पुष्कळदा शेजारच्या कागदावरून ठरतो, त्यामुळे आहे तो क्रम हीसुद्धा माहितीच आहे. आधी फोटो काढा, मग पाठीच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला आणि त्यानंतरच हलवाहलव करा. पाठ कोरी समजून तिथे कार्यालयाचा शिक्का मारू नका. मोडी कागदाच्या पाठीवर अनेकदा पोहोचल्याची नोंद किंवा शेरा असतो.

पांढरे सुती हातमोजे वर्तमानपत्रातल्या फोटोपुरते ठीक. कागदाला ते नकोत, कारण बोटांना कड कळत नाही आणि फाटकं टोक धाग्यात अडकतं. साबणाने धुतलेले कोरडे हात पुरे. नायट्राइलचे हातमोजे फोटोग्राफ आणि बुरशी लागलेल्या गठ्ठ्यांसाठी ठेवा.

घट्ट गुंडाळलेला, कडकडीत कागद बळाने उलगडला तर घडीवर तुटतो. झाकणाच्या प्लास्टिकच्या टबात तळाला दमट टिपकागद ठेवा, त्यावर जाळी, जाळीवर कागद. झाकण लावून अधूनमधून बघत राहिलं की काही तासांत तो नरम येतो. पण टबात घालण्याआधीही शाई बघायची आहे.

शाई ओळखल्याशिवाय पाणी नको

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. एकाच कपाटात तीन-चार तऱ्हेच्या शाया असतात आणि पाण्याशी प्रत्येकीचं वेगळं वागणं.

मोडी कागदांवरची काजळाची शाई उजेडाने विटत नाही, कागदही खात नाही. म्हणून ती बिनधोक आहे असा समज होतो. पण काजळ डिंकात घोटलेलं असतं आणि डिंक पाण्याने सुटतो. ज्या हातकागदावर ती बसलेली असते त्यालाही खळ देऊन घोटाई केलेली असते. ओला बोळा फिरवला की झळाळी जाते आणि अक्षराला शेपूट फुटतं.

इंग्रजी अमदानीतले पत्रव्यवहार आणि खतावण्या बघितल्या तर तिथे हिराकस (लोहाचा क्षार) आणि मायफळाची शाई भेटते. नवी असताना काळी, जुनी झाली की तपकिरी. पाठीमागून अक्षरं उमटलेली दिसतात, जाड रेघांच्या जागी कागद तडकतो, कधी अख्खं अक्षर गळून पडतं. अशा कागदावर भरपूर खळ लावून टिश्यू, म्हणजे दुरुस्तीचा तलम कागद, डकवणं म्हणजे आगीत तेल ओतणं. त्या शाईतलं मोकळं लोह ओलाव्याबरोबर पसरतं आणि अक्षराच्या आसपासची धड जागाही कुजायला लागते. मोकळं लोह दाखवणाऱ्या बाथोफेनँथ्रोलिनच्या पट्ट्या मिळतात. जराशी ओली करून टिपलेली पट्टी अक्षरावर टेकवायची. ती गुलाबी झाली तर ओली खळ बाजूला ठेवा. जपानी टिश्यूला जिलेटिनचा पातळ थर आधीच देऊन वाळवा, वापरताना तो स्पंजवर जेमतेम दमट करा आणि बसवा.

जांभळे शिक्के आणि कॉपिंग पेन्सिलची (ओली झाली की जांभळी होणाऱ्या जुन्या पेन्सिलची) अक्षरं तर पाण्याचा थेंब पडायची वाटच बघत असतात. आणि नगरपालिकेचे निळे नकाशे, म्हणजे ब्लूप्रिंट! आम्लता काढायची म्हणून त्यांना चुन्याच्या निवळीसारखं अल्कधर्मी द्रावण दिलं तर निळा रंगच उडतो, आणि पांढऱ्या रेघा दिसायला पार्श्वभूमीच उरत नाही.

चाचणी सोपी आहे, फक्त ती दरवेळी करावी लागते. बिनमहत्त्वाच्या जागी सुईच्या टोकाएवढा थेंब ठेवा, थोडं थांबा, टिपकागदाचा कपटा टेकवून भिंगाखाली रंग उतरला का पाहा. काळी शाई, तांबडी शाई, शिक्का, तिकीट, सगळ्यांची वेगवेगळी. पाण्याऐवजी अल्कोहोल किंवा ॲसिटोन वापरायचं असेल तर पुन्हा पहिल्यापासून. बॉलपेन पाण्यात टिकतं आणि अल्कोहोलमध्ये पळतं.

थेंब टाकल्यावर तपकिरी कडेची रेघ उमटली, तर कागदात साठलेली घाण पाण्याबरोबर सरकून ओल्या-कोरड्याच्या सीमेवर थांबली आहे. ती रेघ पुसायला आणखी पाणी लावलं की ती फक्त पुढे सरकते. लगेच टिपून घ्या आणि त्या कागदावर कोरड्या इलाजाचा विचार करा.

चिकटपट्टी आणि लॅमिनेशन

पट्टी ओढू नका. तिचा प्लास्टिकचा थर कोमट स्पॅट्युलाने हळूहळू उचलता येतो. खाली उरलेला चिकटा मऊ असेल तर क्रेप रबराने (चिकटा ओढून घेणाऱ्या खडबडीत रबराच्या तुकड्याने) गोळा होतो. पिवळा पडून कागदात मुरला असेल तर द्रावक लागतं, आणि तिथे वरची चाचणी परत आली.

झेरॉक्सच्या दुकानातलं गरम लॅमिनेशन मूळ कागदाला कधीही करू नये. सरकारी दप्तरांत भेटणारं जुनं सेल्युलोज ॲसिटेटचं लॅमिनेशन निराळं. ते एके काळचं मान्य तंत्र होतं, ॲसिटोनने हाताने करायची पद्धत आपल्याच राष्ट्रीय अभिलेखागारात विकसित झाली. त्या गठ्ठ्याला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला तर ॲसिटेट विघटत आहे. तो गठ्ठा इतरांपासून वेगळा करा. आज हाताळणीपासून जपायचं असेल तर पॉलिएस्टरचं पाकीट वापरावं, दोन कडा मोकळ्या ठेवून. आम्ल कागद चारी बाजूंनी बंद केला तर आतल्या आत लवकर जळतो.

खळ जमत नाही तेव्हा

मैद्याच्या खळीत मोरचूद (तांब्याचा क्षार) घालायची जुनी सवय अजून दिसते. कीड थांबते, पण तांबं कागदाच्या धाग्याचं विघटन वाढवतं. ग्लुटेन काढलेला गव्हाचा स्टार्च घ्या, एक भागाला चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर अर्धा तासभर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गार झाल्यावर चाळणीतून दोनदा काढा. थोडी करा, शिळी झाली की टाकून द्या. लाकूडकामाचा पांढरा गोंद या टेबलावर नको.

जोड दिलेली जागा वाकडी होते याची कारणं बहुधा तीन: खळ पातळ आणि जास्त, टिश्यूच्या धाग्याची दिशा मूळ कागदाच्या दिशेशी जुळलेली नाही, किंवा दाबाखालून लवकर काढलं. जोडाच्या कडेलाच नवी फाट पडत असेल तर टिश्यू जाड आहे किंवा कात्रीने कापलेला आहे. पाण्याची रेघ मारून तो हाताने फाडावा, म्हणजे कडेचे धागे मोकळे राहतात.

पावसाळा

दहा ते पाच एसी आणि रात्री बंद, ही कार्यालयीन पद्धत एसी नसण्यापेक्षा वाईट. थंड झालेल्या कागदांवर आणि कपाटांवर बाहेरची दमट हवा येऊन पाणी धरते. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशीला पोषक. स्वस्तातला आर्द्रतामापक लावा आणि आकडे वहीत लिहा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

बुरशी दिसली तर पंखा बंद. ती ओली असेपर्यंत पुसायची नाही. वाळल्यावर मास्क लावून, हेपा फिल्टरच्या (बारीक कण अडवणाऱ्या) व्हॅक्यूमकडे मऊ ब्रशने ढकलायची. उन्हात घालणं सगळ्यांना सुचतं, त्याने कागद आवळतो आणि शाई विटते. छप्पर गळून गठ्ठे भिजले तर ४८ तासांच्या आत वाळवणं किंवा गोठवणं जमलं पाहिजे. तेवढी माणसं नसतील तर गोठवून वेळ विकत घ्या.

डांबर गोळ्यांनी कपाटाला वास येतो, अंडी मरत नाहीत. कीड जिवंत आहे का हे बघायला गठ्ठ्याखाली काळा कागद अंथरा. आठवड्यात ताजा भुसा पडला तर गठ्ठा पॉलिथिनमध्ये बंद करून उणे २० अंशांवर किमान आठवडाभर ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका.

हात न लावायच्या गोष्टी

एकमेकींना चिकटलेली गुळगुळीत आर्ट पेपरची पानं, जंगालाच्या (तांब्यापासून केलेल्या) हिरव्या रंगाखाली कुजलेली चित्रित पोथी आणि जुने ट्रेसिंग क्लॉथ, म्हणजे नकाशे काढायचं खळ दिलेलं पारदर्शक कापड. यांसाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं जतन केंद्र किंवा लखनौची सांस्कृतिक वारसा जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा यांसारख्या ठिकाणी विचारा. पाठवताना आधी कुणी काय लावलं, हे माहीत असेल तितकं लिहून द्या, आणि निसटलेला प्रत्येक कपटा, नखाएवढा असला तरी, पान क्रमांक घातलेल्या पाकिटात सोबत ठेवा.