संग्रह सोबत आणलाय? मग खोकी उघडायच्या आधी हे वाचा

नवीन देशात पहिले काही आठवडे बँक, घर, नोकरीची कागदपत्रं यांतच जातात. विमा म्हटला की डोळ्यांसमोर तब्येत आणि गाडी येते. पण तुमच्यापैकी काहींच्या सामानात जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं, घड्याळं किंवा पेनं असतील. कुणी पंचवीस वर्षं जमवलेली, कुणाला वडिलांकडून आलेली. माझ्याबरोबर आजोबांच्या नाण्यांचे चार अल्बम आले होते. त्यांच्या विम्याबद्दल मला जे दोन वर्षांनी कळलं, ते तुम्हाला आत्ताच कळावं म्हणून लिहितोय.

पहिला गैरसमज घरमालकाच्या विम्याबद्दलचा. तो विमा इमारतीचा असतो, भाडेकरूच्या सामानाशी त्याचा संबंध नसतो. सामानाची पॉलिसी आपली आपण घ्यायची. ती मी घेतली होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. मग एका रात्री वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला. अल्बम कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर होते. सकाळी पुठ्ठ्याची पाकिटं फुगलेली होती, आणि प्रत्येक नाण्याखाली आजोबांनी बारीक अक्षरात लिहिलेल्या चिठ्ठ्यांची शाई पसरली होती. नाणं कुठं, कधी, कुणाकडून घेतलं, हे त्या चिठ्ठ्यांवरच होतं.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. माणूस सभ्य होता. त्यानं दोनच प्रश्न विचारले: ही नाणी आधी कुठल्या अवस्थेत होती, आणि त्याचा पुरावा काय? माझ्याकडे एकही फोटो नव्हता. शिवाय पॉलिसीत नाणी ‘रोख रक्कम आणि सोनं-चांदी’ या गटात मोडत होती, आणि त्या गटाची मर्यादा एकूण विमा रकमेच्या मानानं अगदीच तुटपुंजी होती. अशी गटवार मर्यादा आणि एका वस्तूसाठीची मर्यादा बहुतेक साध्या पॉलिसींमध्ये असते. ती पहिल्या पानावर दिसत नाही, आतल्या अटींत शोधावी लागते.

म्हणून आधी यादी. संग्रहालयं, पोलीस आणि विमा कंपन्या यांना एकच नोंद वापरता यावी म्हणून ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाची पद्धत १९९७ मध्ये जाहीर झाली. अमेरिकेतल्या गेटी या कलासंस्थेच्या पुढाकारानं तिचं काम १९९३ मध्ये सुरू झालं होतं. वस्तूचा प्रकार, धातू किंवा कागद, मापं, त्यावरची अक्षरं आणि शिक्के, काळ, कर्ता, ओळखीच्या खुणा आणि फोटो, अशा मोजक्या गोष्टी ती मागते. घरी करायला अवघड नाही. मी नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो खिडकीजवळच्या उजेडात काढतो, शेजारी पट्टी ठेवतो, कडेचा एक फोटो घेतो आणि वजन ग्रॅमच्या दुसऱ्या दशांशापर्यंत लिहितो. कडेवरचा ओरखडा, छापातला दोष हेही टिपतो, कारण नाणं चोरीला जाऊन परत सापडलं तर ते आपलंच आहे हे त्या ओरखड्यावरूनच सिद्ध होतं. फोटो चांगला यावा म्हणून नाणं घासू मात्र नका. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते, आणि ते नुकसान कुठलीही कंपनी भरून देत नाही. यादीची एक प्रत घराबाहेर ठेवा, ईमेलमध्ये किंवा नातेवाइकाकडे.

पावत्या असतील तर उत्तम. आपल्या भाषेतल्या असल्या तर त्यांचं भाषांतर करून घ्या. वारशानं आलेल्या वस्तूंच्या पावत्या नसतातच, तिथं विमा कंपनीला मान्य असलेल्या जाणकाराकडून लेखी मूल्यांकन करून घ्यावं लागतं. ते विम्यासाठी हवंय हे त्याला आधीच सांगा. विकायला गेलं तर मिळणारी किंमत आणि तशीच वस्तू पुन्हा घ्यायला लागणारी किंमत यांत बरंच अंतर असतं.

मग पॉलिसीत मौल्यवान वस्तू नावानिशी, वेगळ्या नोंदवायला सांगा. हप्ता वाढतो, पण गटाची मर्यादा त्यांना लागत नाही, आणि बऱ्याचदा अपघाती नुकसान, हरवणं हेही त्यात येतं. ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ मिळत असेल तर तीच घ्या. त्यात रक्कम आधीच ठरलेली असते, नुकसान झाल्यावर किमतीवरून वाद होत नाही.

हप्ता वाचवायला किंमत कमी दाखवण्याचा मोह टाळा. अनेक पॉलिसींत प्रमाणाची अट असते: किमतीच्या जेवढ्या हिश्श्याचा विमा, नुकसानीचाही तेवढाच हिस्सा मिळतो. समजा संग्रह १०० रुपयांचा आहे, विमा ६० चा, आणि नुकसान झालं २० चं. तुम्हाला वाटेल २० मिळतील, मिळतात १२. संचाबद्दलही विचारून ठेवा. सहाच्या संचातलं एक गेलं तर उरलेल्या पाचांची घटलेली किंमत कोण सोसणार, हे पॉलिसीनुसार बदलतं.

आपल्यासारख्या नव्यानं आलेल्यांना हमखास अडवणाऱ्या अटी आणखी आहेत. घर इतरांबरोबर वाटून घेत असाल तर दार किंवा कुलूप न तोडता झालेली चोरी बऱ्याचदा धरत नाहीत. मायदेशी लांब सुट्टीवर जाल तेव्हा घर सलग किती दिवस रिकामं चालतं ते पाहा. ही मुदत बहुधा ३० किंवा ६० दिवसांची असते. सामान जहाजानं येणार असेल तर त्या प्रवासाचा विमा वेगळा, आणि स्वतः बांधलेल्या खोक्यांतली मोडतोड त्यातून वगळलेली असू शकते. नाण्यांसारख्या वस्तू हातातल्या बॅगेतच आणा, कस्टमचे नियम आधी वाचून. हळूहळू होणारी झीज, गंज, वाळवी, बुरशी यांची भरपाई जवळपास कुणीच देत नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत नाण्यांवर हिरवट चिकट थर चढतो, तोही यातच आला. ती पाकिटं आधी बदला.

नुकसान झालंच तर काही हलवायच्या आधी फोटो काढा, पाणी अजून येत असेल तर वस्तू बाजूला घ्या आणि कंपनीला त्याच दिवशी कळवा. चोरी असेल तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. भिजलेली पाकिटं, फुटलेली काच, विरलेल्या चिठ्ठ्या, यातलं काहीही सर्व्हेअर बघून जाईपर्यंत टाकू नका. मी ती फुगलेली पाकिटं त्याच सकाळी कचऱ्यात टाकली होती.